पंचेचाळीस

सईबाईंना मी ऑफिसातून जवळजवळ हाकललंच होतं. हे आधी कबूल करून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना मी फार शहाणी होते असं कुणाला वाटायला नको.

गुरुवारी सकाळी दहाला त्या आल्या. नुंगंबाक्कममधलं आमचं ऑफिस तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद, बाईंना धाप लागलेली. बसा म्हटलं तर बसल्या नाहीत. मी फोनवर एका ग्राहकाशी भांडत होते, त्या तशाच टेबलासमोर उभ्या राहिल्या आणि फोन खाली ठेवल्याबरोबर म्हणाल्या, ‘तुमचं मिशीन लबाड बोलतें.’

तंजावरकडची जुनी मराठी, हेल सगळा तमिळ. चेन्नईत एकवीस वर्षं काढूनही ती कानावर पडली की मी मिरजेची बाई क्षणभर थबकते. पण त्या दिवशी थबकायला वेळ नव्हता.

‘मशीन लबाड बोलत नसतं,’ मी म्हटलं. ‘माणसं बोलतात.’

मग त्यांनी नाव सांगितलं आणि माझ्या लक्षात आलं की या जनकोजींच्या बायको.

जनकोजी म्हणजे गुम्मिडिपूंडीच्या एका ओतशाळेतले ऑपरेटर. भट्टीचा धूर ओढणारा एक मोठा पंखा असतो, तो चालवायचं काम त्यांच्याकडे. तीन आठवड्यांपूर्वी तो पंखा चालता चालता फुटला. एक तुकडा पॅनेलमध्ये घुसला आणि पॅनेल जळून गेलं. दुसरा नवीन नावाच्या फिटरला लागला आणि तो जागीच गेला. एकतीस वर्षांचा होता. पॅनेल जळाल्यामुळे पंख्याच्या वेगाची नोंद उरली ती एकच, आमच्या डिजिटायझर कार्डातली. पंख्याच्या बेअरिंगवर सेन्सर लावलेला होता, त्याची थरथर आमचं कार्ड सेकंदाला दहा हजार वेळा मोजून साठवत होतं. त्या नोंदीवरून मी अहवाल लिहिला होता. पंख्याला सेकंदाला पंचवीस फेऱ्यांची परवानगी, प्रत्यक्षात फिरत होता तीस फेऱ्यांनी. वेगाचा नॉब जनकोजींच्या हातात. खाली माझी ठसठशीत सही.

‘आज तीन वाजतां चौकशी आहे,’ सईबाई म्हणाल्या. ‘कागद लिहून ठेवलाय. हे सही करणार. मग पोलीस नेतील.’

‘त्यांनी केलं नसेल तर सही कशाला करतायत?’

बाई खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या होत्या. ‘पहिला आठवडा नाहीं म्हणाले. शपथ घेतली. मग म्हणूं लागले, मिशीन सांगतें तर मीच केलें असेल. आतां म्हणतांत, मज आठवतें, माझ्याच हातानें वाढविलें. वीस वर्षें तो पंखा तेनी पंचविसावर नेला नाहीं, बाई. घरांत फॅनसुद्धां तीनावर ठेवूं देत नाहींत.’

मी काय म्हणायला हवं होतं? मी म्हटलं, ‘मला वाईट वाटतं, पण आकडे आकडेच असतात.’ अशी वाक्यं मला छान जमतात.

त्या वळल्या. दारात थांबून एवढंच म्हणाल्या, ‘एकदां पाहा. मग मी येत नाहीं.’

मी चिडले. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक आहे. म्हटलं, पाहतेच, आणि त्यांच्या नवऱ्याला छापील तक्ता पाठवून देते, म्हणजे वाद मिटेल. ती नोंद उघडली आणि थरथरीची फोड करून पडद्यावर मांडली. कुठल्या वेगाची थरथर किती, ते उभ्या काड्यांनी दिसतं. तीसवर उंच काडी, तो पंखा. अहवाल लिहिताना मी तेवढीच पाहिली होती. आता पुढे सरकले, आणि साठवर एक बारीक, सरळ काडी दिसली.

ही काडी प्रत्येक कारखान्यात असते. ती यंत्राची नसते, विजेची असते. तारांमधून जाणारी वीज सेकंदाला पन्नास वेळा उलटसुलट होते, तिचा गुंजारव सेन्सरच्या वायरीत शिरतोच. कितीही काळजी घ्या, पन्नासवर काडी येतेच. पण आपल्याकडे ती पन्नासवर येते. साठवर यायला गुम्मिडिपूंडी काही अमेरिकेत नाही.

मी चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. साठच.

पन्नासचं साठ झालं असेल, तर पंचविसाचं तीस झालं असणार. म्हणजे पंखा बरोबर फिरत होता आणि आमचं कार्ड चुकत होतं. 

हे कार्ड कसं चालतं ते थोडक्यात सांगते, कारण सगळं त्याच्यावरच आहे. कार्डाच्या आत ठराविक पत्त्यांवर छोटे छोटे खण असतात, त्यांना रजिस्टर म्हणतात. एका खणात लिहायचं की क्लॉक कुठलं घ्यायचं, आतलं की बाहेरचं. क्लॉक म्हणजे ठोके देणारं घड्याळ. दुसऱ्या खणात लिहायचा भागाकाराचा आकडा. घड्याळाचे सेकंदाला साडेचार लाख ठोके, भागिले पंचेचाळीस, म्हणजे सेकंदाला दहा हजार मोजण्या. इतकं साधं. आतलं क्लॉक असतं तर आकडा चुकल्यावर कार्डानं स्वतःच ओरड केली असती. पण त्या ओतशाळेत चार कार्डं एका तालात चालवायची होती, म्हणून ऐन वेळी त्यांनी बाहेरचं क्लॉक मागितलं. बाहेरचं असलं की आपण सांगू ते कार्ड ऐकतं. आणि भागाकाराचा खण नुसता लिहिता येतो, परत वाचता येत नाही. तिथं खरंच काय लिहिलं गेलं, ते नंतर कुणालाच दिसत नाही.

इकडे ऑफिसात, सॉफ्टवेअरमध्ये मी स्वतः पंचेचाळीस टाकला होता. तिकडे कारखान्यात खणात आकडा लिहिला भव्यानं, मी फोनवरून सांगितला तसा. उंटावरून शेळ्या हाकत होते.

संधी मिळाली की कुणीतरी मराठीत बोलावं, अशी मला हौस. भव्या चोवीस वर्षांची, तंजावरकडचीच, घरी मराठी, बाकी सगळं तमिळ नाहीतर इंग्रजी. मी तिला रोज छळायचे. ‘मराठी म्हणवतेस ना, मग बोल की.’ ती हसून म्हणायची, ‘बोलतें की, अक्का.’ कार्ड लावायच्या दिवशी तर कारणही होतं. ग्राहकाचा इंजिनिअर तिच्या खांद्याशी उभा होता आणि आम्ही आकडे शेवटच्या तासात फोनवरून ठरवतोय हे त्याला कळायला नको होतं. मी फोनवर म्हटलं, ‘मराठीत बोल. आकडेसुद्धा.’

मी तिला आत बोलावलं. काही न सांगता कागद पुढे केला.

‘पंचेचाळीस लिही.’

तिनं लिहिलं. आधी पाच, मग चार.

मी कागद माझ्याकडे वळवला. चौपन्न.

‘तू मला तेव्हा परत म्हणून दाखवलं होतंस,’ मी म्हटलं. ‘मी विचारलं, काय लिहिलंस, तर पंचेचाळीस म्हणालीस.’

‘तेंच म्हटलें ना अक्का. पंचे, चाळीस. पाच पैलें ऐकूं आलें, पाच पैलें लिहिलें.’ ती माझ्या तोंडाकडे पाहत होती. ‘घरांत आकडे सगळे तमिळच. नाऱ्पत्तंजु. त्यांत चाळीस पैलें येतें, मग पाच. मराठी आकडे मज कोणी शिकविले नाहींत.’

शब्द एकच, आम्ही दोघींनी तो तीन वेळा म्हटला, पडताळून पाहिला, आणि तिच्या कागदावर तो उलटा होता. चौपन्न भागिले पंचेचाळीस, एक पूर्णांक दोन. पंचविसाचे तीस, पन्नासचे साठ. सगळं चोख जुळत होतं.

भव्यानं कागद उचलून पुन्हा पाहिला. तिला कळलं होतं. ‘म्हणजे जनकोजी मामा...’ ती म्हणाली. त्यांना ती मामा म्हणायची, त्यांनी कारखान्यात तिला आपल्या डब्यातलं जेवण दिलं होतं. ‘माझ्यामुळें?’

‘तुझ्यामुळे नाही. हट्ट माझा होता.’

‘अक्का,’ ती थांबली. ‘मग अलार्म?’

हा प्रश्न मला दहा मिनिटांपूर्वीच पडला होता आणि मी तो बाजूला ढकलला होता. आमचं कार्ड नुसतं नोंद ठेवायला लावलेलं नव्हतं. पंख्याच्या पात्याला तडा जाऊ लागला की त्याचा तोल जातो आणि तो फिरतो त्याच वेगावर थरथर वाढते. ती वाढली की लाल दिवा लागतो, भोंगा वाजतो आणि माणसं बाजूला होतात. सॉफ्टवेअर पंचविसापाशी डोळा लावून बसलं होतं. थरथर दिसत होती तीसपाशी. तिथं कुणाचंच लक्ष नव्हतं. शेवटचे दोन तास ती काडी सारखी वाढत गेलेली मला आता पडद्यावर स्पष्ट दिसत होती. भोंगा दीड तास आधी वाजायला हवा होता. पंखा बंद झाला असता, नवीन जेवायला गेला असता.

‘गप्प बस,’ मी भव्याला म्हटलं. एवढा कोरडा आवाज मी तिच्याशी कधी काढला नव्हता.

आमचे मालक गुरुराज सार, तेही तंजावरकडचेच. माणूस वाईट नाही. सगळं ऐकून घेतलं, दोन्ही हात डोक्यावर ठेवले. मग म्हणाले, ‘जा. त्या माणसाला सोडीव. पण विचारतील तेवढेंच सांग, चंद्रिका. ह्या ऑफिसावर बारा घरें चालतांत.’ अलार्म हा शब्द त्यांनी उच्चारला नाही. मीही नाही.

टॅक्सीनं निघाले तेव्हा पावणेएक झाला होता. माधवरमला ट्रक अडकलेले, हलायलाच तयार नाहीत. मी ड्रायव्हरवर खेकसत होते, तो बिचारा आरशातून माझ्याकडे बघत होता. मांडीवर छापील तक्ता. मी सारखी पन्नास, साठ, पन्नास, साठ करत होते. चोर सोडून संन्याशाला सूळ म्हणतात, त्यातला चोर टॅक्सीत बसलेला होता. सईबाईंना फोन करावा तर नंबर घेतलेला नव्हता. मी त्यांना पाणीसुद्धा विचारलं नव्हतं.

तीन वाजून दहा मिनिटांनी कारखान्यातल्या चौकशीच्या खोलीत शिरले. कारखान्याचे मॅनेजर, एक वकील, एक सरकारी तपासनीस. समोर जनकोजी. मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते. उंच माणूस, पांढरा शर्ट गळ्यापर्यंत बटणं लावलेला. पेन हातात होतं. सईबाई भिंतीपाशी उभ्या होत्या, मला पाहून त्यांनी फक्त डोळे मिटले.

‘सही करू नका,’ मी दारातूनच म्हटलं.

मॅनेजरनं विचारलं मी कोण. मी सांगितलं. वकील म्हणाला, तुमचा अहवाल आमच्याकडे आहे, तुमची आता गरज नाही. माझं डोकं सटकलं.

‘या खोलीतली ट्यूब कुठल्या विजेवर चालते?’ मी विचारलं. ‘पन्नासच्या की साठच्या?’

सगळे माझ्याकडे बघायला लागले. तपासनीस म्हातारे होते, ते तमिळमध्ये म्हणाले, पन्नास. मग मी तक्ता त्यांच्यापुढे पसरला. तुमच्याच कारखान्याची वीज आमच्या कार्डानं साठ दाखवली आहे. ज्या मापात वीज चुकली, त्याच मापात पंखा चुकला. खणात पंचेचाळीसच्या जागी चौपन्न गेले. पंखा पंचविसानंच फिरत होता. हा माणूस निर्दोष आहे.

तपासनिसांनी स्वतः कागदावर गुणाकार केला. दोनदा केला. ‘आकडा कुणी चुकवला?’

‘मी. फोनवर मी सांगितला.’

त्यांनी मान हलवली, जनकोजींच्या हाताखालचा कागद ओढून घेतला आणि फाइलच्या तळाशी सरकवला. सुधारलेला अहवाल लेखी द्या म्हणाले. बस. पुढे कुणी काही विचारलं नाही. पंखा मग का फुटला, हे शोधायला वेगळी माणसं नेमू, असं मॅनेजर म्हणाला. मी मूग गिळून बसले. विचारतील तेवढंच सांगायचं होतं, आणि कुणीच विचारलं नाही. माझ्या जिवाला किती हायसं वाटलं ते सांगायची लाज वाटते.

जनकोजी मात्र उठलेच नाहीत. ‘पण मज आठवतें,’ ते हळू आवाजात म्हणाले. ‘मी वाढविलें.’

‘नाही वाढवलं तुम्ही,’ मी म्हटलं.

‘नॉब हातांत होता. मज आठवतें.’

सईबाईंनी त्यांना दंडाला धरून उठवलं आणि बाहेर आणलं. फाटकाबाहेर चहाच्या टपरीपाशी एका बाकावर ते बसले. मी चहा आणला. तो त्यांच्या हातात तसाच राहिला. मला वाटलं होतं, माणूस रडेल, हात जोडेल, निदान सुस्कारा टाकेल. ते रस्त्याकडे बघत होते.

‘नवीनची आई येथेंच राहते, मागच्या गल्लींत,’ ते म्हणाले. ‘रोज संध्याकाळीं जात होतों. दार उघडीत नव्हती. वीस दिवस पायरीवर बसून आलों. काल उघडलें. तण्णी दिली प्यायला. म्हणाली, जा, मी सोडलें तुला. काल झोप लागली मज.’

सईबाई म्हणाल्या, ‘आतां जाऊन सांगायचें कीं तुम्ही नव्हे.’

‘नको. तिचा राग उतरलाय. पुन्हा कशाला?’

‘मग जन्मभर खुनी म्हणून राहणार? त्या गल्लींतून पोरें जातांत आपलीं.’ सईबाईंचा आवाज पहिल्यांदाच चढला. ‘तुम्हांस नको तर मी जातें. ह्या बाई येतील माझ्यासंगें. येतां ना?’

टॅक्सी समोर उभी होती, ड्रायव्हरनं दारही उघडून धरलं होतं. उशीर झालाय, अहवाल लिहायचाय, काय वाट्टेल ते सांगता आलं असतं. मी हो म्हटलं. का म्हटलं ते मला अजून नीट सांगता येत नाही. सकाळी हाकललेल्या बाईला दुसऱ्यांदा नाही म्हणायचं धाडस झालं नाही, एवढंच असेल.

जनकोजीही मागून आले. गल्ली अरुंद, दोन्ही बाजूंना कपडे वाळत घातलेले. सईबाई भराभर चालत होत्या. मी मनात तमिळ वाक्य जुळवत होते. रजिस्टर, क्लॉक, भागाकार, हे सगळं त्या बाईला कसं सांगायचं? शेवटी ठरवलं, की एवढंच सांगायचं, हे नव्हते, आमच्या यंत्राची चूक झाली. खोटं तर नव्हतं ते.

दार उघडंच होतं. नवीनची आई उंबऱ्याच्या आत तांदूळ निवडत बसली होती. माझ्याहून फार मोठी नसावी. जनकोजींना पाहून तिनं सूप खाली ठेवलं, ‘वांगा’, या, म्हणाली, आणि पाणी आणायला उठायला लागली.

‘अम्मा,’ मी म्हटलं. ‘पंखा यांनी वाढवला नव्हता. आमच्या यंत्रानं चुकीचं दाखवलं. यांचा काही दोष नाही.’ माझं तमिळ अशा वेळी मोडतं, पण तिला समजलं.

ती अर्धवट उठलेली पुन्हा खाली बसली. जनकोजींकडे पाहिलं. ते मान खाली घालून उभे होते. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि मला वाटलं, झालं, आता आपण जावं. सईबाईंनी माझा हात धरला होता तो सोडला.

मग तिनं माझ्याकडे पाहिलं. आवाजात राग नव्हता. खरंच माहीत नसलेली गोष्ट विचारावी तसं तिनं विचारलं.

‘अप्पो यारु?’

मग कोण?

तीन वाजल्यापासून हा प्रश्न मला कुणीही विचारला नव्हता. गुरुराज सारांची बारा घरं मला आठवली, भव्या आठवली. सईबाई माझ्याकडे वळून पाहत होत्या. त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मी उंबऱ्याच्या आत जाऊन तिच्यासमोर जमिनीवर बसले. भोंगा वाजायला हवा होता, अम्मा, मी म्हटलं, दीड तास आधी वाजायला हवा होता, तो वाजला नाही. आणि मी माझं नाव सांगितलं.